कार्यानुभवाचा तास कुणी खाल्ला?

"दादा, आज कार्यानुभव हाय ना?"

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, आमचा एन.एस.एस.चा सात दिवसांचा कॅम्प कर्जतच्या पुढे डोंगराकडच्या एका गावात होता. सकाळी श्रमदान, दुपारी गावातल्या आठवीपर्यंतच्या शाळेत शिकवणं, रात्री शेकोटी आणि भेंड्या असा कार्यक्रम. शाळेत वर्ग जास्त आणि शिक्षक कमी. त्यामुळे आम्ही आलो याचा गुरुजींना मनापासून आनंद झाला. म्हणाले, "तुम्ही इंजिनिअरिंगची मुलं, तुमचं गणित पक्कं असणार." (आमच्यातल्या तिघांना एम-थ्रीची केटी आहे हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.) "सातवीचे अपूर्णांक फार कच्चे आहेत. शुक्रवारचे शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे आहेत. ते तुम्ही घ्या आणि गणिताची चांगली तयारी करून घ्या."

आम्ही घेतले. वर्गात शिरलो तेव्हा खिडकीजवळच्या एका पोराने वरचा प्रश्न विचारला. त्याच्या पायाशी बांबूच्या तासलेल्या कामट्यांची जुडी होती, दप्तरात पतंगाचा रंगीत कागद होता. त्या दिवशी पतंग करायचे ठरले होते आणि सगळी मुलं सामान घेऊन आली होती. आम्ही रुबाबात सांगितलं, "पतंग घरी करा. आता गणित." जुड्या गोळा करून कपाटामागे ठेवल्या आणि फळ्यावर लिहिलं: १/३ + १/४.

त्या पोराने उत्तर लिहिलं २/७. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, काम झालं! मी लसावि समजावला. एकदा, दोनदा, तीनदा. तो मान हलवत राहिला. चौथ्यांदा पाटी दिली तर परत २/७. दोन तास संपले, घंटा झाली, पोरं पळाली.

संध्याकाळी तोच पोरगा शाळेच्या ओट्यावर पतंग करत बसला होता. उभ्या कामटीवर आडवी कामटी कुठे बांधायची हे त्याला ठरवायचं होतं. जवळ पट्टी नव्हती. त्याने उभ्या कामटीएवढा दोरा तोडला, त्याच्या तीन सारख्या घड्या घातल्या, एक घडी वरून मोजून कामटीवर नखाने खूण केली आणि तिथे गाठ मारली. मी विचारलं, "तीनच घड्या का?"

"वरती एक वाटा, खालती दोन वाटे. नायतर गोते खातो ना तो."

एक तृतीयांश! जो मी दोन तास फळ्यावर घासत होतो, तोच. मी म्हटलं, "अरे, मग दुपारी काय झालं होतं तुला?"

तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "दादा, ते गणित व्हतं. ह्यो पतंग हाय."

कॅम्पच्या रिपोर्टमध्ये मी हे लिहिलं नाही. रिपोर्टमध्ये 'विद्यार्थ्यांना गणित विषयाचे मार्गदर्शन केले' असं लिहून सही ठोकली. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून मॅगझिनच्या मराठी विभागासाठी "काहीतरी दे" असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा कविता न करता हे लिहायला बसलो. त्या शुक्रवारी त्या पोरांचा कार्यानुभवाचा तास मी खाल्ला होता. आणि ज्या गणितासाठी खाल्ला, ते गणित त्याच तासात त्याच्या पायाशी जुडी बांधून पडलं होतं.

तास खाण्याची परंपरा

आता हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने स्वतःची सहावी-सातवी आठवावी. चित्रकलेच्या तासाला वर्गात शिरणारे गणिताचे सर आठवतात की नाही? "आज पी.टी. नाही, पोर्शन राहिलाय" हे वाक्य तर प्रत्येकाने ऐकलेलं आहे. माझ्या शाळेत (नाव कशाला घ्या, गाव छोटं आहे!) वेळापत्रकावर 'कार्यानुभव' असं सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. तीन वर्षांत आम्ही त्या तासाला एक कागदी फुलांचा गुच्छ केला. तोही इन्स्पेक्शन होतं म्हणून. बाकी सगळे तास गणित आणि इंग्रजीने वाटून घेतले.

गंमत म्हणजे हे उलटं कधीच होत नाही. चित्रकलेच्या मॅडम गणिताच्या तासाला येऊन "आज जरा छायाप्रकाश राहिलाय" म्हणाल्या, असं आपल्यापैकी कुणी पाहिलंय का? शाळेत काही तास पक्क्या घरांसारखे असतात आणि काही झोपडीसारखे. रस्ता रुंद करायचा झाला की झोपडीच जाते. चित्रकलेला त्यातल्या त्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचा आधार असतो, कारण तिथे ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुणांची आशा. म्हणजे चित्रकलेचा तास जगतो तोही मार्कांच्या वशिल्याने.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. पूर्ण वर्गाचा तास गेला तर निदान सगळ्यांचा जातो. पण बऱ्याच ठिकाणी फक्त 'कच्च्या' मुलांना जादा गणिताला बसवतात आणि बाकीचे मैदानावर जातात. म्हणजे ज्याला गणित येतं त्याला खेळ, चित्र, सुतारकाम हे बक्षीस, आणि ज्याला येत नाही त्याला आणखी गणित ही शिक्षा. त्या पोराच्या मनात गणिताबद्दल काय भावना तयार होत असतील? ज्या एका तासात तो वर्गात पहिला आला असता, नेमका तोच तास त्याच्याकडून काढून घ्यायचा!

गुरुजींची बाजू

पण सगळं खापर गुरुजींवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. कॅम्पमध्ये सात दिवस त्यांच्याबरोबर राहिलो. दोन वर्ग एकावेळी सांभाळणारा माणूस, त्यात माहिती भरायच्या याद्या, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. शिवाय वरून प्रश्न येतो तो भागाकाराचा, पतंगाचा नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. हे दुखणं खरं आहे. अशा वेळी शिक्षकाला जो तास हाताशी सापडेल तो तो घेणारच.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या शेवटी जोडलेल्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं धरलंय. आणि या वर्गांत मिळून १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असंही म्हटलंय. म्हणजे कायद्याच्या लेखी हा तास 'ऑफ' तास नाही. पण अट बघा, १०० पेक्षा जास्त मुलं. डोंगराकडच्या लहान शाळांत सहावी ते आठवीची पटसंख्या तिथवर पोचतच नाही. मग निदेशक नाही, म्हणून तास रिकामा, म्हणून तो गणिताचा. जिथे पोरांचे हात सगळ्यात जास्त चालतात, तिथेच हाताला शिकवणारा माणूस मिळत नाही.

आता आपण इंजिनिअर आहोत तर साधा हिशेब मांडू. आठवड्याला कार्यानुभवाचे दोन तास, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे साधारण ३७ आठवडे. ७० गुणिले ३७ म्हणजे २५९० मिनिटं, म्हणजे सुमारे ४३ तास. हजारातले ४३. जेमतेम सव्वाचार टक्के. गणिताचं सगळं दुखणं या सव्वाचार टक्क्यांत बरं होणार असेल तर जरूर घ्या. पण उरलेल्या वेळात जे जमलं नाही ते त्याच पद्धतीने, तोच फळा आणि तोच खडू घेऊन, आणखी ४३ तासांत जमेल असं मानायला आधार काय? माझ्या दोन तासांचा रिझल्ट तर मी वर सांगितलाच आहे.

पतंग वेगळा, गणित वेगळं

त्या पोराचं वाक्य घेऊन मी लायब्ररीत आणि नेटवर शोधाशोध केली, तर कळलं की हे फक्त आपल्या कर्जतचं नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहराच्या बाजारात तीन संशोधकांनी नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारला तर मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. नंतर त्याच प्रकारची उदाहरणं कागदावर आकड्यांत मांडून दिली तर ३७ टक्के. मुलं फक्त पाचच होती, त्यामुळे टक्केवारीला फार चिकटून बसू नये. पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतला याहून कितीतरी मोठा अभ्यास छापला. तिथेही तेच. बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी करतात आणि पाठ्यपुस्तकातल्या साध्या वजाबाकी-भागाकाराला अडतात.

पण या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी आहे. जी मुलं फक्त शाळेत शिकली, ती कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशेबाला गडबडली. मित्रांनो, हे आपण! आपल्याला लाप्लास ट्रान्सफॉर्म काढता येतो, पण मेसचं बिल आठ जणांत वाटायचं म्हटलं की मोबाईल निघतो. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना किती जणांचा काटकोन ८७ अंशांचा झाला होता? (आणि किती जणांचा जॉब सीनियरच्या कपाटातून आला होता, हे विचारत नाही.) बारावीला गणितात ९५ च्या पुढे असलेले हात हॅक्सॉ धरताना थरथरत होते.

म्हणून माझं मत दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं आहे. "पोरांना खेळू द्या, करू द्या, गणित आपोआप येईल" असं म्हणणारे चुकतात. आपोआप येत नाही. आपोआप आलं असतं तर पतंगवाल्या पोराने १/३ + १/४ चं उत्तर ७/१२ लिहिलं असतं. आणि "आधी गणित पक्कं करा, मग बाकीचे उद्योग" म्हणणारेही चुकतात, कारण मग आमच्यासारखे इंजिनिअर तयार होतात. हात आणि वही यांच्यामध्ये एक साकव लागतो आणि तो कुणीतरी मुद्दाम घालावा लागतो. तो घालायची उत्तम जागा म्हणजे पाचवी ते आठवी. त्या वयात हात शिवशिवत असतात आणि गणित नुकतंच बोटांवरून अक्षरांवर जात असतं. नेमका त्याच वेळी आपण एका बाजूचा किनाराच काढून टाकतो.

हे कुणी केलंच नाही असं नाही

आपल्याच राज्यात हा विचार जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. त्यात टकळी-चरखा हा अभ्यास संपल्यावरचा विरंगुळा नव्हता. सुताची लांबी, वजन, मजुरी यातून गणित काढायचं होतं.

त्यानंतर, आपल्या लाईनचा माणूस म्हणून ज्यांचं नाव प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं, ते डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून पीएच.डी. केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले हे गृहस्थ नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. बाक वेल्ड करायचा, वायरिंग करायचं, माती तपासायची आणि केलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्च काढायचा. राज्य मंडळाने हा अभ्यासक्रम शालेय विषय म्हणून स्वीकारला. कलबाग सर २००३ मध्ये गेले, पण पाबळचं काम थांबलेलं नाही. यातली 'खर्च काढायचा' ही अट मला फार महत्त्वाची वाटते. साकव तोच आहे. लोखंडी पट्टी किती लागली, वाया किती गेली, किलोला भाव काय, मजुरी किती. बाक हातात आणि अपूर्णांक वहीत, एकाच दिवशी.

सरकारी कागदही आता हेच म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतारकाम, वीजकाम, बागकाम, कुंभारकाम असे व्यवसाय चाखून बघावेत आणि या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत असं लिहिलंय. महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला. छान आहे. फक्त भीती एवढीच की दहा दिवस 'आनंद' आणि उरलेले दोनशे दहा दिवस 'अभ्यास' अशी फाळणी पक्की होऊ नये. तेच "ते गणित व्हतं, ह्यो पतंग हाय" सरकारी शिक्क्यासह होईल.

कर्जतमध्ये गणित शोधायला लांब जायला नको

साकव घालायचा म्हणजे नेमकं काय? आपल्या भागातली दोन उदाहरणं देतो.

पहिलं भाताचं. कर्जतचं भात संशोधन केंद्र आपल्याला स्टेशनवरून येता-जाता माहीत आहे. 'कर्जत' नावाने भाताच्या जाती निघाल्यात, हेही गावातल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. कोकणात डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड अनेकांनी केली. त्यातलं तिसरं सूत्र म्हणजे दोरी धरून नियंत्रित लावणी. दोन चुडांमध्ये आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर, दोन्ही दिशांना. चौथं सूत्र म्हणजे जवळ आलेल्या दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोचायची.

आता हे सातवीच्या वर्गापुढे ठेवा. सरासरी अंतर किती? २० सेंटिमीटर. मग एका चौरस मीटरमध्ये चुड किती? पाच गुणिले पाच, २५. हेक्टरमध्ये अडीच लाख. चार चुडांना एक गोळी, म्हणजे ६२,५००. वजन? १६८ किलो ७५० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १७० किलो. आणि बाबांची जमीन तर गुंठ्यात! मग हेक्टरचे सुमारे ९९ गुंठे धरून एका गुंठ्याला किती? साधारण ६३० गोळ्या, एक किलो सातशे ग्रॅम. सरासरी, क्षेत्रफळ, गुणोत्तर, दशांश अपूर्णांक, एककांचं रूपांतर, सगळं एका वाफ्यात आलं. आणि उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बघायला नको. गोळ्या उरल्या किंवा कमी पडल्या की कळतंच.

दुसरं घाटाचं. शनिवारी पुण्याकडे जाणारे आपण सगळे, कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागेपर्यंत वडापाव खातो. बोरघाटाची ही लाईन १८६३ मध्ये सुरू झाली. तिचा चढ आहे ३७ ला १. हॉस्टेलमध्ये मी सहज विचारलं, ३७ ला १ म्हणजे किती अंश? एकाने ३७ सांगितलं, एकाने २०, एकाने "टॅन इन्व्हर्स काढावा लागेल" असं शहाणपणाचं उत्तर देऊन पांघरूण ओढून घेतलं. खरं उत्तर सुमारे दीड अंश! डोळ्यांना जवळजवळ सपाट दिसणारा हा चढ, आणि त्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात.

हे सहावीच्या पोराला टॅन न शिकवता कळू शकतं. ३७ सेंटिमीटर लांब फळी घ्या, एका टोकाखाली एक सेंटिमीटर जाडीची वही सरकवा. हा बोरघाट. वही बदलून दोन सेंटिमीटरपेक्षा थोडं कमी करा, ही माथेरानची गाडी. १९०७ पासून नेरळहून चढणाऱ्या त्या छोट्या गाडीच्या मार्गावर चढ २० ला १ पर्यंत जातो. आता सुतारकामाच्या तासाला केलेली चाकांची गाडी त्यावर ठेवा, तिला दोऱ्याने वर ओढा, वजन वाढवत जा. गुणोत्तर म्हणजे काय हे त्या पोराला पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही. फक्त शेवटची पंधरा मिनिटं वही उघडायला लावायची आणि हाताने जे केलं ते आकड्यांत लिहून घ्यायचं. हीच पंधरा मिनिटं राहून जातात. ती राहिली की पतंग पतंगच राहतो.

मग गणितच ऐच्छिक करा की!

असं म्हणणारेही भेटतात. काही वर्षं नववी-दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होता, तो २०१७-१८ पासून नववीत बंद झाला. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, दहावीला गणित ऐच्छिक ठेवता येईल का, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानेही विचारला होता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, त्यांना सवलत हवीच. पण सातवीच्या पोराला "तुला जमत नाही, सोडून दे" म्हणणं मला मान्य नाही. कारण त्याला जमतं, हे मी ओट्यावर बसून पाहिलंय. सातवीत गणित सुटलं की डिप्लोमा, आयटीआयचे कित्येक ट्रेड, आपलं हे कॉलेज, सगळ्याच्या वाटा बंद होतात. तो पोरगा आपल्या वर्कशॉपमध्ये आपल्यापेक्षा चांगला जॉब करेल, पण गेटच्या आत येण्यासाठी त्याला लसावि यावाच लागेल.

पोराला निवड द्यायचीच तर ती दुसऱ्या बाजूला द्या. गणित सगळ्यांना, पण कार्यानुभवात काय करायचं हे त्याचं त्याने ठरवावं. वर्षाच्या सुरुवातीला तीन-चार गोष्टी ठेवा. बांबूकाम, भाताचा वाफा, शिवण, वायरिंग, ढोलकी, जे गावात असेल ते. शिकवायला गावातलाच सुतार, शेतकरी, शिवणकाम करणारी ताई बोलवा. चौदा वर्षांच्या आयुष्यात पोराला शाळेत स्वतः निवडलेली एक तरी गोष्ट असू दे. आणि ती गोष्ट शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. जादा गणित जरूर घ्या, पण परिपाठाआधी घ्या, शाळा सुटल्यावर अर्धा तास घ्या, गणिताच्याच तासात चार-चार जणांचे गट करून घ्या.

आपण काय करू शकतो

उपदेश फार झाला, आता आपल्याकडे येतो. आपल्या परिसरात आश्रमशाळा आहेत. तिथली मुलं आपल्यासारखीच हॉस्टेलवर राहतात, फक्त आपण अठराव्या वर्षी आलो आणि ती सहाव्या-सातव्या वर्षी. आपण घरची आठवण आली की लोकल पकडतो, त्यांना तीही सोय नाही. आपल्या कॉलेजला वर्कशॉप आहे, तिथे सुतारकामाची बाकं आहेत, शनिवारी दुपारी ती रिकामी असतात. महिन्यातून एक शनिवार एका शाळेची वीस मुलं आपल्या वर्कशॉपमध्ये आणता येणार नाहीत का? परवानगी, बस, सुरक्षा, सगळे प्रश्न आहेत हे मला माहीत आहे. वर्कशॉपच्या सरांना मी अजून विचारलेलं नाही, हा लेख वाचून त्यांनी मला बोलवावं अशी विनंती आहे. (सबमिशनसाठी नको, सर!)

आणि पुढच्या एन.एस.एस. कॅम्पला जे जातील त्यांना एकच सांगणं. गुरुजी म्हणतील, "कार्यानुभवाचा तास घ्या आणि गणित शिकवा." त्यांना नम्रपणे सांगा, "गुरुजी, कार्यानुभवाचा तास घेतो आणि कार्यानुभवच घेतो. शेवटची पंधरा मिनिटं फळा द्या." मग पतंग करू द्या. आडवी कामटी एक तृतीयांशावर का, पतंगाला कागद किती लागला, वाया किती गेला, एका ताव्यात किती पतंग बसतात, हे पोरांनाच विचारा आणि त्यांनी सांगितलेलं फळ्यावर लिहा. १/३ आणि १/४ ची बेरीज करायची वेळ तिथे कधीतरी येईलच. तेव्हा दोराच पुढे करा. त्याच्या बारा घड्या घातल्या की तृतीयांश म्हणजे चार घड्या आणि चतुर्थांश म्हणजे तीन घड्या. मिळून सात. हे मला त्या रात्री शेकोटीजवळ बसल्यावर सुचलं, दुपारी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सकाळची होती आणि दुपारी आमची बस होती. निघताना तो पोरगा पटांगणात पतंग उडवत होता. चांगला उंच गेला होता, एकही गोता खाल्ला नाही. त्याला बारा घड्यांचं सांगायचं राहून गेलं. या जानेवारीत परत त्याच गावात कॅम्प न्यावा अशी मी मागणी केली आहे. तोवर तो आठवीत गेलेला असेल. त्याचे अपूर्णांक अजून उधार आहेत माझ्याकडे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी